हिरकणीचा कडा आणि स्त्री-मारेकऱ्यांचे चित्रपट

स्त्री-मारेकऱ्यांच्या चित्रपटांचा आकृतिबंध परिचित आहे : नायिकेवरील अन्याय, तिला घडविणारा पुरुष, वेषांतर, आणि हिंसेचे समर्थन करणारे प्रेम वा मातृत्व. ‘निकिता’मध्ये (१९९०) राज्यसंस्था नायिकेला मारेकरी बनविते, ‘किल बिल’च्या दुसऱ्या भागात (२००४) कौशल्य वृद्ध गुरूचे असते आणि सूडाचा शेवट लेकीच्या भेटीत होतो.

महाड-पोलादपूरच्या इतिहासस्मृतीत लपविलेले शस्त्र पुरुषाच्या हाती आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने गाठता येणाऱ्या प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ मध्ये अफझलखान मारला गेला. स्त्रीच्या वाट्याला आली ती महाडजवळच्या रायगडावरील आख्यायिका : दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने गवळण हिरकणी रात्री कडा उतरली. प्रसाद ओक यांच्या ‘हिरकणी’ने (२०१९) ती पडद्यावर आणली.

येथे शस्त्र नाही. अट मात्र तीच. मातृत्वाच्या परवान्यावाचून स्त्रीचे साहस ग्राह्य ठरत नाही. तरी एक भेद निर्णायक आहे : हिरकणीला गुरू नाही. दूध घेऊन गड चढणाऱ्या स्त्रीला त्या डोंगराची जाण श्रमातूनच आलेली असणार. आख्यायिका तिला मायेचा चमत्कार मानते. हिरकणी बुरूज कष्टकरी स्त्रीच्या कौशल्याचे स्मारक म्हणून वाचणे, हे समीक्षेचे उरलेले काम आहे.