मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश शिकागोच्या वेबसाइटवर कसा पोहोचला?

सोशल मीडियावर एखाद्या जुन्या मराठी शब्दाच्या अर्थावरून वाद रंगला की थोड्याच वेळात कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं. कधी तो मोल्सवर्थच्या कोशातला असतो, तर कधी दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'तला. वाद मिटतो किंवा आणखी पेटतो. पण ती नोंद ज्या वेबसाइटवरून आलेली असते, तिचा पत्ता अनेकदा शिकागो विद्यापीठाचा असतो.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत छापली गेली. 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड १९३२ ते १९५० या काळात पुण्यातून प्रसिद्ध झाले. मग ते मोफत वाचायला अमेरिकेतल्या विद्यापीठाची वेबसाइट का उघडावी लागते? याचं उत्तर शीतयुद्ध, रेशनचा गहू आणि ग्रंथालयांची भागीदारी यांत दडलेलं आहे.

'एरिया स्टडीज' म्हणजे काय?

जगातल्या एखाद्या प्रदेशाची भाषा, इतिहास, समाज, धर्म आणि राजकारण यांचा एकत्रित अभ्यास म्हणजे एरिया स्टडीज, अर्थात प्रदेश अभ्यास. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या विषयाला जोर आला. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका खडबडून जागी झाली. पुढच्याच वर्षी झालेल्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने परकीय भाषा आणि प्रदेश अभ्यासाच्या केंद्रांसाठी सरकारी निधी खुला केला.

म्हणजे सुरुवातीचा हेतू सरळ सरळ सामरिक होता. पण त्यातून उभ्या राहिलेल्या विभागांमधून वेगळं कामही झालं. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवरचा प्रबंध १९६९ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात पूर्ण केला. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली आला.

गव्हाच्या पैशांतून पुस्तकं

असा अभ्यास करायचा तर त्या देशातली पुस्तकं हवीत. इथे गव्हाचा संबंध येतो. अमेरिकेने १९५४ साली 'पब्लिक लॉ ४८०' म्हणजेच 'पीएल ४८०' हा कायदा केला. त्याखाली १९५६ पासून भारताला धान्य मिळू लागलं. रेशनवरचा तो लाल गहू महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला आजही आठवतो.

भारताने या धान्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकती केली. त्यामुळे अमेरिकेच्या खात्यात भारतीय रुपयांचा मोठा साठा झाला आणि तो बहुतांशी भारतातच खर्च करावा लागणार होता. १९५८ च्या दुरुस्तीने या पैशातून पुस्तकं घेण्याची मुभा तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाली. १९६२ साली तिचं नवी दिल्लीत कार्यालय सुरू झालं. वेगवेगळ्या भारतीय भाषांमधली नवी पुस्तकं आणि नियतकालिकं एकापेक्षा जास्त प्रतींत विकत घ्यायची आणि अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांना पाठवायची, अशी ही योजना होती. पुढे रुपयांचा साठा आटल्यावर विद्यापीठं स्वतःचे पैसे भरू लागली. हे कार्यालय आजही चालू आहे.

मग भागीदारी कशासाठी?

दक्षिण आशियात डझनावारी भाषांमध्ये छपाई होते. कितीही श्रीमंत विद्यापीठ असलं, तरी सगळं विकत घेणं आणि जपणं त्याला एकट्याला झेपत नाही. त्यात जुना वर्तमानपत्री कागद काही दशकांत पिवळा पडतो आणि हात लावला की तुकडे पडतात.

यावर ग्रंथालयांनी वर्गणी काढण्याचा मार्ग शोधला. शिकागोत १९४९ साली सुरू झालेलं 'सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज' याच विचाराचं होतं. तिथे १९६७ पासून दक्षिण आशियाई साहित्याची मायक्रोफिल्म करणारा सामायिक प्रकल्प सुरू झाला. सदस्य ग्रंथालयांनी पैसे भरायचे आणि तयार झालेली फिल्म सगळ्यांनी वापरायची.

इंटरनेट आल्यावर हीच पद्धत डिजिटल झाली. शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'वर कोशांची नुसती छायाचित्रं नाहीत, तर शब्द टाकून शोधता येईल असा मजकूर आहे. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्यासोबत तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश आणि फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा मराठी-इंग्रजी कोशही तिथे आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाशी जोडलेली, शंभर वर्षांपूर्वीची ग्रामोफोन ध्वनिमुद्रणंही ऐकता येतात.

मायक्रोफिल्मच्या त्याच प्रकल्पातून पुढे 'साउथ एशिया ओपन अर्काइव्ह्ज' हा उपक्रम उभा राहिला. २०१९ पासून त्याचा संग्रह 'जेस्टोर' या संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुला आहे. जातिव्यवस्था, स्त्रिया, साहित्य आणि आर्थिक-सामाजिक इतिहास यांवरची जुनी नियतकालिकं, पुस्तकं आणि सरकारी अहवाल त्यात आहेत.

मूळ कागद कुणाकडे राहतो?

अशा प्रकल्पांवरचा जुना आक्षेप असा, की आधी वस्तू गेल्या आणि आता माहितीही परदेशी चालली. गेल्या काही दशकांत यावर काही चांगले तोडगे निघाले आहेत.

तमिळनाडूतल्या कोट्टैयूरचे रोजा मुथय्या यांनी आयुष्यभर तमिळ पुस्तकं आणि कागदपत्रं जमवली. १९९२ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिकागो विद्यापीठाने तो संग्रह विकत घेतला, पण अमेरिकेला नेला नाही. १९९४ साली त्यातून चेन्नईत रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय उभं राहिलं. ब्रिटिश लायब्ररीच्या २००४ पासूनच्या 'एन्डेंजर्ड अर्काइव्ह्ज प्रोग्रॅम'चाही नियम असाच आहे. मूळ कागद ज्या त्या देशात राहतो, फक्त डिजिटल प्रत सर्वांसाठी खुली होते.

प्रत असणं किती महत्त्वाचं आहे, हे दक्षिण आशियाने सोसून पाहिलं आहे. १९८१ साली श्रीलंकेतलं जाफनाचं सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आलं. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं त्यात राख झाली. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हाही पुस्तकांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली.

अमेरिकेत उघडतं, पुण्यात नाही

डिजिटल झालं म्हणजे सर्वांना मिळालं, असंही नाही. २००८ साली अमेरिकी विद्यापीठांनी सुरू केलेल्या 'हाथीट्रस्ट'मध्ये भारतात छापलेली असंख्य पुस्तकं स्कॅन केलेली आहेत. (यातला 'हाथी' आपलाच, काही न विसरणारा हत्ती.) पण कॉपीराइटची जोखीम टाळण्यासाठी तिथे अमेरिकेबाहेर छापलेली बरीच जुनी पुस्तकं फक्त अमेरिकेतल्या वाचकांनाच पूर्ण दिसतात.

समजा, १९१० साली पुण्यात छापलेलं एक पुस्तक आहे आणि लेखकाचं निधन १९३० मध्ये झालं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. म्हणजे भारतीय कायद्याने हे पुस्तक कधीच मुक्त झालं. तरी त्याचं स्कॅन न्यूयॉर्कमधला वाचक उघडू शकतो आणि पुण्यातल्या वाचकाला मात्र 'फक्त शोध' एवढीच सोय मिळते, असं होऊ शकतं.

धोका अजून संपलेला नाही

डिजिटल प्रतीलाही सांभाळावं लागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या अनेक ऑनलाइन सेवा कित्येक महिने बंद राहिल्या. अमेरिकेत प्रदेश अभ्यासाचा सरकारी निधी धोरणानुसार कमी-जास्त होतो. २०११ साली त्याला मोठी कात्री लागली होती. मोडीतल्या कागदांची अडचण तर आणखी वेगळी आहे. त्यांचं स्कॅन झालं, तरी ती वाचणारा माणूस मिळेपर्यंत ते नुसतं चित्रच राहतं.

म्हणूनच एकाच वस्तूच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी असणं आणि त्यांचा खर्च अनेकांनी उचलणं हा या ग्रंथालयांचा पाया आहे. पुढच्या वेळी शब्दावरून वाद झाला, तर स्क्रीनशॉट येण्याची वाट पाहायची गरज नाही. 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी' असं शोधा, मराठी कोश निवडा आणि शब्द टाका. लॉगिन लागत नाही, पैसेही लागत नाहीत.