एकशेवीस बटनांचा मोह

चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ अॅकॉर्डियन शिकण्याच्या इराद्यानें वाद्यांच्या दुकानांत शिरतो, तेव्हां त्याची नजर बहुधा तेथील सर्वांत मोठ्या वाद्यावर खिळते. लहान वाद्य मुलांसाठीं आणि मोठें मोठ्यांसाठीं, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मोठें वाद्य घरीं येतें, खांदे दुखूं लागतात, डाव्या मनगटाला कळ लागते, आणि कांहीं महिन्यांतच तें कपाटावर जाऊन बसतें. संगीत आपल्या नशिबींच नव्हतें, असा निष्कर्ष काढून तो गृहस्थ मोकळा होतो. दोष नशिबाचा नसतो, तोलाचा असतो. परंतु मोठें तेंच खरें, हा समज रूढ कसा झाला हें पाहावयाचें तर या वाद्याच्या जन्मापर्यंत मागें जावें लागतें.

व्हिएन्ना येथें सिरिल डेमियन यानें १८२९ सालीं ज्या वाद्याचें पेटंट घेतलें, तें हातांत सहज मावण्याजोगें होतें. एक लहानसा भाता आणि मोजकीं बटनें. एक बटन दाबलें कीं स्वरांचा एक संपूर्ण मेळ उमटे. या मेळावरूनच वाद्याला नांव मिळालें. पुढें इटलींत या धंद्यानें मूळ धरलें. कास्तेलफिदार्दो येथें पाओलो सोप्रानी यानें १८६३ सालीं, तर स्त्रादेल्ला येथें मारिआनो दाल्लापे यानें १८७६ सालीं कारखाना काढला. उजवीकडे पियानोसारख्या पट्ट्या आणि डावीकडे बटनांच्या तिरप्या ओळी, ही रचना क्रमाक्रमानें स्थिरावली. डाव्या बाजूच्या मांडणीला अद्यापि स्त्रादेल्लाचेंच नांव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं ग्विदो आणि पिएत्रो देइरो हे इटालियन बंधु अमेरिकेच्या रंगभूमीवर हें वाद्य घेऊन आले. भरल्या नाट्यगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचावा, दिव्यांच्या झोतांत वाद्य झळकावें, ही तेथील निकड होती. हळूहळू ४१ पट्ट्या आणि १२० बटनें हें धंदेवाईक वादकाचें प्रमाण मानलें जाऊं लागलें. रंगमंचावरची गरज अशा रीतीनें दिवाणखान्यांतील प्रतिष्ठा होऊन बसली.

आतां या १२० बटनांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. त्यांत ६-६ बटनांच्या २० तिरप्या ओळी असतात. प्रत्येक ओळ एका स्वराची : तो स्वर, त्याचा साहाय्यक स्वर आणि त्यावर उभे राहणारे चार मेळ. ओळींचा क्रम षड्ज-पंचम भावाचा असतो. म्हणजे एका ओळीचा पंचम हा पुढच्या ओळीचा षड्ज. परंतु सप्तकांत कोमल-तीव्र धरून स्वर बाराच. बारा पावलें चालल्यावर हें चक्र पुन्हां मूळ जागीं येतें. मग उरलेल्या ८ ओळी कशासाठीं? त्या पुनरुक्तीसाठीं आहेत. टोकाच्या स्वरांत वाजविणाऱ्या कसबी वादकाला लांब उडी मारावी लागूं नये, एवढीच त्यांची सोय. १२ ओळींचें, ७२ बटनांचें वाद्य घेतलें तर त्यांत एकही स्वर वा मेळ कमी पडत नाहीं. नवशिका ज्या ४८ बटनांवर वर्षेंच्या वर्षें बोट ठेवणार नाहीं, त्यांचें ओझें मात्र तो पहिल्या दिवसापासून वाहतो. मोठें वाद्य सुमारें १० ते १२ किलो भरतें. ७२ बटनांचें ७ ते ८ किलो. भाता ओढण्याचें काम एकट्या डाव्या हाताचें असल्यामुळें हा फरक दर मिनिटाला जाणवतो.

याच्या उलट चूकही संभवते. १९४० सालीं रेडिओनें हार्मोनियमला दार बंद केलें, तरी महाराष्ट्रांतील घरांतून पेटी हलली नाहीं. त्यामुळें येथील प्रौढ शिकाऊचा उजवा हात बहुधा तयारच असतो. असा मनुष्य काटकसर म्हणून ४८ बटनांचें वाद्य घेतो. त्यांत दोन तऱ्हा आहेत : १२ ओळी पण प्रत्येकींत चारच बटनें, किंवा पूर्ण ६ बटनांच्या आठच ओळी. दुसऱ्या तऱ्हेंत पांढरी एकच्या आसपासचे स्वर मिळतात, टोकाचे गळतात. काळी एकमध्यें गाणारा पुरुष किंवा काळी चारमध्यें गाणारी स्त्री यांना आपला षड्जच डाव्या हाताला सांपडत नाहीं. शिवाय २६ पट्ट्यांत जेमतेम दोन सप्तकें बसतात. साडेतीन सप्तकांच्या पेटीवर वाढलेल्या बोटांना तें अंगण अपुरें वाटतें. ७२ बटनांच्या वाद्याला बहुधा ३४ पट्ट्या, म्हणजे तीन सप्तकांना थोड्या कमी. घरगुती गाण्याला तेवढ्या पुरतात. मुलांच्या वाद्यांच्या पट्ट्या कधीं कधीं अरुंदही असतात, तेंही बोट ठेवून पाहावें.

निवड करतांना बिनहाताच्या खुर्चीवर बसून वाद्य मांडीवर घ्यावें. भात्याचा भार डाव्या मांडीवर आला पाहिजे, पट्ट्यांची कड उजव्या मांडीच्या आंतल्या बाजूला टेकली पाहिजे, आणि वरच्या कडेनें हनुवटी अडूं नये. पाठीमागील पट्टे आवळून दहा मिनिटें भाता उघडमीट करून पाहावा. दुकानदार घाई करील, त्याला करूं द्यावी.

डावीकडचीं बटनें वाजविणाऱ्याला दिसत नाहींत. म्हणून पांढरी एकच्या बटनावर एक बारीकशी खळी कोरलेली असते, आणि बोट ती चाचपून आपला ठाव घेतें. ती ७२ बटनांवर असते तशीच १२० वरही असते. तिच्या दोन्ही अंगांचा क्रमही तोच राहतो. पुढें कोणी मोठें वाद्य घेतलें तरी डाव्या हाताला नव्यानें कांहीं शिकावें लागत नाहीं.