कोणत्या पिढीचे देणे?

हवामानबदलाच्या चर्चेत एक वाक्य हमखास येते : ‘आपल्या पिढीने निसर्ग ओरबाडला, भोगतील पुढच्या पिढ्या.’ वाक्य न्यायाचे वाटते. परंतु ‘आपली पिढी’ म्हणजे कोण, हे कुणी सांगत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम याने १९२८ साली पिढीची मीमांसा केली. एका सालात जन्मल्याने माणसे एका पिढीची होत नाहीत, एका पिढीतही परस्परविरोधी गट असतात, असे त्याचे प्रतिपादन. आपल्याकडे तर जन्माआधीच जातीने जमिनीचे आणि पाण्याचे वाटे ठरवून टाकलेले!

नाशिक जिल्ह्याचा इतिहास या कसोटीवर तपासावा. दारणा धरण १९१६ साली पुरे झाले. गोदावरीच्या कालव्यांनी ज्याच्याकडे जमीन, त्याचे शेत भिजू लागले. त्याच गोदावरीकाठी २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्याला रामकुंडात उतरायला मज्जाव, त्याच्या वाट्याला कालव्याचे पाणी कुठून येणार? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या लढ्यातले दादासाहेब गायकवाड पुढे १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचे नेते झाले. मागणी काय होती? पडीक आणि गायरान जमीन कसायला द्या, ही त्यातली मुख्य.

१९७० च्या सुमारास एकलहऱ्याचे कोळशावरचे वीजकेंद्र सुरू झाले. कारखाने चालले, बागायतदारांच्या विहिरींवर पंप बसले. ज्याला विहीरच नाही, त्याला पंप कुठला? १९७२ च्या दुष्काळात भूमिहीन माणूस खडी फोडत होता, पाझर तलावाची माती वाहत होता. तलाव त्याने बांधला. पाणी मुरले ते दुसऱ्याच्या विहिरीत. एकाच काळातल्या या दोन माणसांवर धुराचे देणे सारखे कसे लादता येईल?

१९९२ च्या रिओ परिषदेत राष्ट्रांनी तत्त्व मान्य केले : जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे. भारत तिथे सांगतो, आमचा दरडोई धूर कमी आहे. खरे आहे. परंतु ही सरासरी खाली आणली कुणी? ज्याच्याकडे मोटार नाही, पंप नाही, त्याने. त्याच्या दारिद्र्याची ढाल पुढे करून सुस्थितांचा उपभोग मोकळा राहतो. आणि २००८, २०१६, २०१९ साली गोदावरीला पूर आले, तेव्हा पाणी आधी शिरले ते काठच्या सखल वस्त्यांत.

म्हणून आपली जबाबदारी संपते असे नव्हे. शिक्षणाने, नोकरीने आपल्यातही एक थर वर आला आहे. त्याचा उपभोग आता त्याच्याच खात्यावर मांडला पाहिजे. मात्र ज्याला आयुष्यभर पुरेसे मिळालेच नाही, त्याला काटकसरीचे धडे देणे हा शुद्ध निर्दयपणा आहे. उद्या कोळशाची केंद्रे बंद होतील, तेव्हा तिथल्या कंत्राटी मजुराचे काय, हाही याच हिशेबातला प्रश्न.

पुढच्या पिढीसाठी झिजणे आपल्याला नवे नाही. काळारामाचे दार उघडलेले न पाहताच कितीएक सत्याग्रही गेले. ते लढले येणाऱ्यांसाठी. तो वारसा सांगणाऱ्यांनी आज विचारले पाहिजे : नव्या विजेत, पाण्यात आणि जमिनीत वाटा कुणाचा? हवा वाचवताना जुनी वाटणीच कायम राहिली, तर पुढची पिढीही एक असणार नाही.