जुहू, मे महिना आणि गांधीजींचा सिनेमा

मे संपत आला की आमची ऑफिसची गँग लॅपटॉप मिटून थेट जुहू चौपाटीवर. काला खट्टा गोळा, जमलं तर सिनेमा. पण १९४४च्या उन्हाळ्यात इथे कोण आलं होतं, माहितीये? गांधीजी! फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, कस्तुरबा गेल्या. मलेरियाने खंगलेल्या गांधीजींना ६ मेला सोडलं आणि ते विश्रांतीसाठी जुहूला आले. एरवी सिनेमाचं वावडं, पण जूनच्या सुरुवातीला त्यांनी विजय भट्टांचा 'रामराज्य' पाहिला. सीता होत्या आपल्या शोभना समर्थ. शेवटी राम एकटाच उरतो, ती गोष्ट. काय वाटलं असेल त्यांना?

आजी गेल्यापासून आमचे आजोबा घराबाहेर पडले नव्हते. या रविवारी त्यांनाही जुहूला नेलं. गोळा अख्खा संपवला त्यांनी!