मिठाचं पाणी आणि वे यांची चूक

आजऱ्यात हिरण्यकेशीचं पाणी मऊ आहे, साबणाला लगेच फेस येतो. पण नळाला पाणी आलं नाही की आमच्या घरी बोअर चालू होते, आणि मग बादलीला पांढरे थर, हिटरवर पापुद्रे. म्हणून बाबांनी सॉफ्टनर बसवला. आठवड्यातून एकदा मिठाचं पाणी सोडा, असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं. चौथ्या दिवशीच साबणाचा फेस गेला. फोन केला तर उत्तर आलं, "रेझिन गेलं, बदलून घ्या."

मीठ घातलं की रेझिन पुन्हा कामाला लागतं, हे आज आपण गृहीत धरतो. पण ही क्रिया ज्याने पहिल्यांदा नीट अभ्यासली, त्यालाच ते पटलं नव्हतं.

गोष्ट सुरू होते खतापासून. १८४५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या थॉम्पसन या जमीनदाराला प्रश्न पडला, की खतातला अमोनिया पावसाने धुऊन का जात नाही? (आजऱ्याचा पाऊस पाहिलेल्या कुणालाही हा प्रश्न पडायला हवा. मला कधी पडला नाही.) यॉर्कमधल्या स्पेन्स नावाच्या औषधविक्रेत्याच्या मदतीने त्याने मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचं द्रावण झिरपू दिलं. खाली आलं ते कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. मातीने अमोनियम धरून ठेवलं आणि बदल्यात कॅल्शियम सोडलं.

रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे यांनी हा धागा पकडला. १८५० आणि १८५२ च्या त्यांच्या निबंधांमधले प्रयोग आजही वाचावेत असे आहेत. अदलाबदल सममूल्य प्रमाणात होते आणि ती मातीतल्या चिकणकणांमुळे होते, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी प्रयोगशाळेत ॲल्युमिनियमची सिलिकेटंही बनवली. फक्त एक निष्कर्ष चुकला: ही क्रिया उलट फिरत नाही, असं त्यांनी मानलं. १८५८ मध्ये जर्मनीच्या आयकहॉर्नने झिओलाइट खनिजं घेऊन दाखवलं, की फिरते. दुसऱ्या आयनाचं द्रावण पुरेसं तीव्र हवं, एवढंच.

वे यांचं म्हणणं खरं असतं, तर प्रत्येक सॉफ्टनर एकदा वापरून फेकावा लागला असता. पाठ्यपुस्तकात थॉम्पसन आणि वे यांना निदान एक ओळ मिळते, आयकहॉर्नला बहुधा तीही नाही. मला हे खटकतं. पुढचं सगळं वेगाने झालं: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गान्स यांनी कृत्रिम झिओलाइटने पाणी मऊ केलं, १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी फिनॉलची रेझिनं बनवली, आणि १९४० च्या दशकात डी'अलेलिओ यांनी आणलेली पॉलिस्टायरीनची रेझिनं आज आपल्या टाकीत आहेत.

आता आमच्या रेझिनकडे. ईडीटीए टायट्रेशन केलं, लाल रंग निळा झाला आणि बोअरच्या पाण्याची कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम निघाली. भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. टाकीत रेझिन १० लिटर. व्यवहारात एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम कठीणता धरतं, म्हणजे एकूण ५०० ग्रॅम. भागाकार केला तर १२५० लिटर पाणी. घरात रोज ४०० लिटर लागतं. तीन दिवस! रेझिन ठणठणीत होतं, आठवड्याचं वेळापत्रक चुकीचं होतं. बाबा आता तिसऱ्या रात्री दीड किलो मीठ विरघळवून सोडतात आणि कॅलेंडरवर खूण करतात.

एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात उशिरा आली. ते खारट पाणी आई कढीपत्त्याच्या आळ्यात सोडत होती. तिथेही तीच अदलाबदल: सोडियम आत, कॅल्शियम बाहेर. अशाने माती फुटून घट्ट बसते, पाणी मुरत नाही. शिरोळकडे जिला चोपण म्हणतात, ती जमीन अशीच सोडियमने बिघडलेली असते आणि तिच्यावर उपाय म्हणून जिप्सम टाकतात. मिठाचं पाणी आता पाइपने गटारात जातं. कढीपत्त्याला मूठभर जिप्सम घातलंय, अजून नवी पालवी आलेली नाही.