धौलीचा खडक आणि अधिकाऱ्याचे चित्त

भुवनेश्वरजवळ, दया नदीच्या परिसरात धौली नावाची एक टेकडी आहे. तेथे खडकातून हत्तीचा पुढचा भाग कोरून काढलेला असून त्याच्या खालच्या बाजूस सम्राट अशोकाचे लेख आहेत. बहुतेक प्रवासी वरचा शांतिस्तूप पाहून परततात. प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने मात्र या खडकापाशी थोडा वेळ थांबावे असे मला वाटते, कारण इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात येथे जे लिहिले गेले, त्यातील काही भाग थेट आपल्यासारख्या नोकरवर्गाला उद्देशून आहे.

अशोकाच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन लेख धौलीला नाहीत. कलिंगयुद्धातील संहाराबद्दलचा प्रसिद्ध पश्चात्ताप तेराव्या लेखात आहे; तो खुद्द कलिंगात कोरलेला नाही. त्याऐवजी येथे दोन स्वतंत्र लेख आढळतात. त्यांपैकी पहिला तोसली येथील महामात्रांना, म्हणजे नगराचा न्यायव्यवहार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना लिहिलेला आहे. सर्व प्रजा मला अपत्यासारखी आहे, असे सांगून राजा लगेच व्यवहाराच्या मुद्द्यावर येतो. एखाद्या माणसाला विनाकारण बंधन घडते, छळ सोसावा लागतो आणि त्याच्यामागे इतर अनेकजण दुःख भोगतात. असे का होते? राजाने दिलेली कारणे सात आहेत: मत्सर, शीघ्रकोप, निष्ठुरता, घाई, सातत्याचा अभाव, आळस आणि थकवा. हे दोष आपल्या अंगी नसावेत अशी इच्छा अधिकाऱ्याने धरावी, आणि या सर्वांचे मूळ कोप व घाई टाळण्यात आहे, असे लेख सांगतो.

ही यादी काळजीपूर्वक पाहावी. तीत लाचलुचपत नाही, कायद्याचे अज्ञान नाही, निधीची कमतरता नाही. सातही कारणे अधिकाऱ्याच्या मनाशी आणि शरीराशी निगडित आहेत. अन्याय हा दुष्ट माणसाच्याच हातून होतो असे नव्हे. थकलेल्या, चिडलेल्या, घाईत असलेल्या सामान्य माणसाच्या हातूनही तो होतो, ही गोष्ट या लेखाइतक्या स्पष्टपणे फार थोड्या राज्यकर्त्यांनी मांडली असेल.

याच खडकावर अशोकाचा सहावा शिलालेखही आहे. मी भोजन करीत असो, अंतःपुरात असो वा उद्यानात असो, प्रतिवेदकांनी प्रजेचे काम केव्हाही माझ्या कानावर घालावे, असा त्याचा आशय आहे. चोवीस तास उपलब्ध राहण्याचा हा बहुधा आपल्याकडील सर्वांत जुना शासकीय आदेश म्हणावा लागेल. आजच्या अधिकाऱ्याच्या खिशातील मोबाइलने हा आदेश अक्षरशः अमलात आणला आहे. जेवणाच्या ताटावर, प्रवासात, रात्री अंथरुणावर संदेश येतच असतात. कामकाजासाठी उघडलेल्या गटांत शुभेच्छा, सूचना, खुलासे आणि तातडीची माहिती एकाच रांगेत उभी असते. सहावा लेख आपण घेतला. त्याच खडकावरील घाई आणि थकव्याचा इशारा मात्र मागे राहिला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे हर्बर्ट सायमन आठवतात. प्रशासनातील निर्णयप्रक्रियेचा अभ्यास करणाऱ्या या विद्वानाला 1978 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माहिती विपुल झाली की ती ज्याचा उपभोग घेते ते, म्हणजे माणसाचे अवधान, दुर्मिळ होते, असे त्यांनी 1971 मध्येच मांडले होते. दुर्मिळ वस्तूचे वाटप कसे करावे, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न होय. पण अवधान पैशासारखे तिजोरीत राहत नाही. ते राखायचे तर अभ्यास करावा लागतो.

अशोकाने दोष सांगितले. ते घालवण्यासाठी हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवावा, आणि मधल्या काळातही, एकटाच श्रोता असला तरी, ऐकवावा अशी व्यवस्था केली. वारंवार आठवण देणे ही त्याची पद्धत होती. बौद्ध परंपरेत यासाठीचा शब्दच 'सति', म्हणजे संस्कृतातील स्मृती, असा आहे. काया, वेदना, चित्त आणि धर्म यांच्याकडे सजगतेने पाहण्याची रीत सतिपट्ठान सुत्तात दिलेली आहे. हे सुत्त कुरू देशात, म्हणजे आजच्या दिल्लीच्या आसपासच्या प्रदेशात, सांगितले गेले असे त्यातच नमूद आहे. चालताना, पाहताना, खाताना, बोलताना आणि गप्प राहतानाही भान ठेवावे, असे ते सांगते. कुरू देशातील नोकरचाकरही पाणवठ्यावर आणि सूत कातताना या साधनेविषयी बोलत असत, असे अट्ठकथा सांगते. थोडक्यात, ही साधना गुहेपुरती कधीच नव्हती.

तिला सरकारी कचेरीत आणणारा माणूस मात्र विसाव्या शतकातला आहे. ऊ बा खिन यांचा जन्म 1899 साली रंगून येथे झाला. महालेखापालांच्या कार्यालयात ते कनिष्ठ कारकून म्हणून लागले. ब्रह्मदेश 1937 पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, तेव्हा हे कार्यालय आपल्याच लेखा व्यवस्थेचे भावंड होते. त्याच 1937 साली त्यांनी साया तेजी या गृहस्थ आचार्यांकडून विपश्यना शिकून घेतली. पुढे 4 जानेवारी 1948 रोजी, ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, ते त्या देशाचे महालेखापाल झाले. 1950 मध्ये त्यांच्या कार्यालयात विपश्यना मंडळ स्थापन झाले आणि 1952 मध्ये रंगूनला साधना केंद्र उभे राहिले. निवृत्तीनंतरही शासनाने त्यांच्याकडे जबाबदाऱ्या सोपवल्या. 1967 पर्यंत ते शासकीय सेवेत होते. 1971 मध्ये त्यांचे निधन झाले.

याच ऊ बा खिन यांच्याकडे 1955 मध्ये मंडालेत जन्मलेले एक भारतीय वंशाचे उद्योजक, सत्यनारायण गोएंका, शिकायला आले. 1969 मध्ये ते ही विद्या घेऊन भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभे राहिले. इगतपुरीचे नाव आपणा मराठी माणसांना परिचित आहे. त्या परंपरेचा एक दुवा सरकारी हिशेब तपासणारा नोकरदार होता, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

आता प्रश्न असा की, आपण काय करावे? माझे नियम अगदी साधे आहेत. फाइल उघडण्यापूर्वी तीन श्वास नुसते पाहायचे. संदेश दिवसातून ठरलेल्या वेळीच वाचायचे. खरी निकड असेल तर माणूस फोन करतोच. रागात लिहिलेली टिप्पणी संगणकावर तशीच ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायची. ई-ऑफिसवर बोटाच्या एका दाबाने फाइल पुढे जाते, म्हणून तो दाब देण्यापूर्वीचा क्षण अधिक मोलाचा आहे. अर्जदार समोर बसलेला असताना मोबाइल पालथा ठेवायचा. यातले काहीच नवीन नाही, आणि रोज सगळे साधतेच असेही नाही. सातत्याचा अभाव हा दोष अशोकाने उगाच नोंदवलेला नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती एकटी येत नाही; सम्यक वाणी, सम्यक कर्म आणि सम्यक आजीविका तिच्या सोबत असतात. नुसते अवधान वाढले तर लबाड माणूस अधिक सफाईने लबाडी करील. दुसरे असे की, थकवा हा केवळ अधिकाऱ्याचा वैयक्तिक दोष मानून चालणार नाही. तिघांचे काम एकावर टाकून त्याला ध्यानाच्या शिबिराला पाठवणे म्हणजे यंत्रणेची जबाबदारी श्वासावर ढकलणे होय. रिक्त पदे भरणे आणि रजेच्या दिवशी माणसाला खरोखर रजा देणे, हाही त्याच उपदेशाचा भाग समजला पाहिजे.

असो. धौलीचा तो लेख राजाच्या महानतेसाठी वाचला जातो. मला त्यात एक अनाम माणूस दिसतो: ज्याला कोणा महामात्राच्या घाईमुळे विनाकारण कोठडी मिळाली तो. त्याच्या जागी आज पेन्शनची फाइल अडकलेली विधवा असेल, जातीच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आलेला विद्यार्थी असेल. आपले चित्त ठिकाणावर आहे की नाही, ही आपली खाजगी बाब नाही, ती त्यांची बाब आहे.