स्टार्टअपमध्ये नोकरी करताय? ऑफर लेटरपासून 'फुल अँड फायनल'पर्यंतचे हे ८ धडे आधीच शिकून घ्या!

सप्टेंबर २०२१. चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स ही कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात दाखल झाली आणि तिचे ५०० हून अधिक कर्मचारी करोडपती झाल्याची बातमी देशभर फिरली. त्यात तिशीही न ओलांडलेली मुलं होती. "आपणही एखादं स्टार्टअप गाठायला हवं होतं राव!" असं तेव्हा अनेकांना वाटून गेलं.

आता दुसरी बाजू बघा. एकेकाळी २२ अब्ज डॉलर मूल्यांकन असलेल्या बायजूजवर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. घरपोच सामान पोहोचवणाऱ्या डन्झोच्या कर्मचाऱ्यांचे पगार २०२३ मध्ये रखडले आणि पुढे ते ॲपही बंद पडलं. 'कू' हे देशी समाजमाध्यम जुलै २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं.

या सगळ्या कंपन्यांत हुशार माणसं जीव ओतून काम करत होती. म्हणजे तुमची मेहनत आणि कंपनीचं नशीब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमच्या हातात आहे, दुसरी नाही. म्हणूनच स्टार्टअपमध्ये काम करून बाहेर पडलेले लोक जे उशिरा शिकतात, ते आपण आधीच समजून घेऊया.

१. स्टार्टअप म्हणजे छोटी कंपनी नव्हे

कोपऱ्यावरचं किराणा दुकान छोटं असतं, पण पैसे कसे कमवायचे हे त्याला ठाऊक असतं. स्टार्टअपला नेमकं तेच अजून शोधायचं असतं. ग्राहक कोण, तो किती पैसे देईल, पुन्हा येईल का, या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत सगळा प्रयोगच असतो.

त्यामुळे दिशा बदलणं तिथे नवलाचं नाही. आज जगभरातल्या ऑफिसांत वापरलं जाणारं स्लॅक हे मुळात ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या टीमने स्वतःपुरतं केलेलं साधन होतं. गेम चालला नाही, साधन चाललं. पण गेमवर काम करणाऱ्या अनेकांच्या नोकऱ्या मात्र गेल्या.

धडा सोपा आहे. तुमचं पद, तुमचा बॉस आणि तुमचं काम सहा महिन्यांत बदलू शकतं. हे सहन होणार नसेल, तर स्टार्टअपच्या वाटेला न गेलेलंच बरं.

२. मूल्यांकन विचारू नका, 'रनवे' विचारा

समजा, एखाद्या गुंतवणूकदाराने २० कोटी रुपये देऊन १० टक्के हिस्सा घेतला. लगेच बातमी येते, "कंपनीचं मूल्य २०० कोटी!" पण कंपनीच्या बँक खात्यात आलेत फक्त २० कोटी. उरलेले १८० कोटी कागदावर आहेत, आणि त्यातून कुणाचाही पगार होत नाही.

म्हणून खरा आकडा म्हणजे रनवे, अर्थात हातातले पैसे किती महिने पुरतील. हिशोब असा: बँकेत १२ कोटी, महिन्याचा खर्च दीड कोटी, महिन्याची कमाई ५० लाख. म्हणजे दरमहा १ कोटी कमी होतोय आणि रनवे १२ महिन्यांचा आहे.

नवी गुंतवणूक मिळवायला अनेकदा सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. त्यामुळे १२ महिन्यांचा रनवे ऐकायला मोठा वाटला, तरी संस्थापकांची धावपळ आजच सुरू झालेली असते.

मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हणतात, तेव्हा हेच विचारा. नेमका आकडा सांगणार नाहीत कदाचित. पण उत्तर सरळ येतं की गोलगोल, यावरूनही बरंच कळतं.

३. सीटीसी आणि हातात येणारा पगार यात फरक आहे

"२४ लाखांचं पॅकेज!" ऐकून पेढे वाटण्याआधी ते फोडून बघा. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर मिळणारा बोनस आणि कधीकधी ईसॉपची किंमतसुद्धा धरलेली असते. २४ लाखांत ८ लाखांचे ईसॉप असतील, तर तुमचा पगार १६ लाखांच्या हिशोबातला आहे.

घरभाडं आणि गृहकर्जाचा हप्ता ईसॉपमधून भरता येत नाही. घरखर्चाचं गणित फक्त दरमहा खात्यात येणाऱ्या रकमेवरच मांडा.

४. ईसॉप: मिळाले म्हणजे आपले झाले असं नाही

ईसॉप म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क. शेअर नव्हे, शेअर घेण्याचा हक्क! त्याचे टप्पे असे असतात.

ग्रँट: कंपनी तुम्हाला ठरावीक संख्येने ऑप्शन देते.

व्हेस्टिंग: ते हळूहळू तुमचे होतात. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ग्रँट आणि व्हेस्टिंग यांत किमान एक वर्षाचं अंतर लागतं. यालाच 'क्लिफ' म्हणतात. चार वर्षांची मुदत सर्रास दिसते. समजा ४,८०० ऑप्शन मिळाले. वर्ष पूर्ण झाल्यावर १,२०० तुमचे, पुढे दरमहा १००. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली तर हाती शून्य.

एक्सरसाइज: ठरलेली किंमत भरून शेअर प्रत्यक्ष विकत घेणं. खिशाला खरी चाट इथे बसते. समजा १,००० ऑप्शन आहेत, तुमची किंमत १० रुपये आणि त्या दिवशीचा शेअरचा भाव ५१० रुपये. कंपनीला तुम्ही १०,००० रुपये द्याल. पण मधला ५ लाखांचा फरक तुमच्या पगारात धरला जातो. ३० टक्के कराच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह सुमारे १ लाख ५६ हजार रुपये कर! आणि शेअर बाजारात नोंदलेले नसतील, तर ते विकायला गिऱ्हाईकही नाही.

२०२० च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलण्याची सवलत आली, पण ती आयकर सवलतीसाठी वेगळं प्रमाणपत्र मिळवलेल्या मोजक्याच स्टार्टअपना लागू होते. नुसती 'स्टार्टअप इंडिया'ची मान्यता पुरत नाही.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: ठरलेली किंमत किती, कंपनीचे एकूण शेअर किती, आणि नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला किती दिवस मिळणार. एकूण शेअर माहीत नसतील, तर "तुला १०,००० ऑप्शन दिलेत" या वाक्याला काहीच अर्थ नाही.

५. कंपनी विकली गेली तर पहिला घास गुंतवणूकदाराचा

हा धडा फार कमी लोकांना माहीत असतो. गुंतवणूकदारांच्या करारात बहुतेकदा अशी अट असते की कंपनी विकली गेली, तर आधी त्यांचे पैसे परत मिळतील, मग उरलेले बाकीच्यांत वाटले जातील.

उदाहरण घ्या. गुंतवणूकदारांनी १०० कोटी देऊन ४० टक्के हिस्सा घेतला. म्हणजे मूल्यांकन २५० कोटी. तुमच्याकडे ०.१ टक्का, म्हणजे कागदावर २५ लाख. पुढे दिवस फिरले आणि कंपनी १२० कोटींना विकली गेली. गुंतवणूकदार आधी आपले १०० कोटी उचलतात. उरलेले २० कोटी बाकीच्या ६० टक्क्यांत वाटले जातात. तुमच्या वाट्याला येतात जेमतेम ३ लाख ३३ हजार, तेही ऑप्शनची किंमत आणि कर वजा न करता.

"कंपनी १२० कोटींना विकली" ही बातमी बाहेर आनंदाचीच दिसते. आतल्या माणसाचं गणित वेगळं असतं.

६. काम शिकायला मिळतं, पण त्याची नोंद ठेवा

स्टार्टअपची खरी कमाई इथे आहे. मोठ्या कंपनीत वर्षभर एकच स्क्रू पिळणारा माणूस इथे ग्राहकाशी बोलतो, हिशोब बघतो, माणसं निवडतो. निर्णय घेणारा माणूस शेजारच्याच टेबलावर असतो, त्यामुळे धंदा कसा चालतो हे जवळून दिसतं.

धोका असा की "सगळंच केलं" म्हणणाऱ्याला पुढच्या मुलाखतीत "नेमकं काय केलं?" हे सांगता येत नाही. दर महिन्याला दहा ओळी लिहून ठेवा: कोणती अडचण होती, तुम्ही काय केलं, आकडा किती बदलला. कंपनीची गोपनीय माहिती मात्र घरी नेऊ नका.

आणि "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. कुटुंबातून कुणाला नोटीस पीरियड देऊन काढत नाहीत. नातं कामाचं आहे, ते चांगलं ठेवा. पण तब्येत आणि घरचे लोक पणाला लावू नका.

७. वादळाआधीची चिन्हं ओळखा

कंपनी एका रात्रीत बुडत नाही. आधी खर्चाची बिलं अडकतात. मग पुरवठादारांचे फोन ऑफिसात येऊ लागतात. वित्त विभागाचा प्रमुख अचानक राजीनामा देतो. पगार १ तारखेचा ७ वर आणि ७ चा १५ वर जातो.

सगळ्यांत पक्कं चिन्ह म्हणजे पीएफ. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पीएफ लागू होतो. पगारपत्रकात कपात दिसते, पण ईपीएफओच्या पासबुकात जमा दिसत नाही? मग कंपनी तुमच्याच पैशांवर दिवस ढकलतेय. कापलेला पीएफ न भरणं हा गुन्हा आहे आणि ईपीएफओच्या पोर्टलवर त्याची तक्रार करता येते. पासबुक दरमहा आणि टीडीएसची नोंद दर तिमाहीला तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

८. पगार थांबला किंवा नोकरी सुटली, तर काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. राजीनामा दिला किंवा कामावरून काढलं, तर थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देणं बंधनकारक आहे.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर गप्प बसू नका. नेमलेल्या व्यावसायिकाकडे कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या 'फॉर्म डी'मध्ये ठरलेल्या मुदतीत दावा करावा लागतो. त्यासाठी पुरावे लागतात. म्हणून ऑफर लेटर, पगारपत्रकं, ईसॉपचं पत्र आणि पगारवाढीचे ईमेल यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवा. कंपनीचा लॅपटॉप आणि ईमेल बंद झाल्यावर शोधायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं!

"सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही" अशी अट करारात दिसली तर लगेच घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी साधारणपणे टिकत नाही. गुपितं न फोडण्याची अट मात्र टिकते.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो, हेही लक्षात असू द्या. घरच्यांसाठी वेगळी पॉलिसी आधीच घेऊन ठेवा.

मग जायचं की नाही?

जा की! वय कमी असेल, डोक्यावर मोठं कर्ज नसेल आणि शिकायची भूक असेल, तर स्टार्टअपसारखी शाळा नाही. घर एकट्याच्या पगारावर चालत असेल, तर आधी किमान सहा महिन्यांचा खर्च गाठीशी बांधा, मग उडी मारा.

निर्णयाची एक साधी कसोटी आहे. ईसॉपची किंमत शून्य धरा. तरीही पगार आणि शिकायला मिळणारं काम यांच्या जोरावर नोकरी परवडत असेल, तर होकार द्या. उद्या ईसॉपचे पैसे आलेच, तर तो बोनस समजा!

तुमच्या ओळखीत कुणाच्या हातात नुकतंच स्टार्टअपचं ऑफर लेटर पडलं असेल, तर सही करण्याआधी हा लेख त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.